डंकर्कची बोट, नवा रंग आणि त्याच जुन्या फळ्या

इंग्लंडात राहून जुनी लाकडी मोटरयॉट दुरुस्त करायची कुणाची हौस असेल, तर यार्डाला (बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याला) पहिला हप्ता देण्याआधी हे वाचा. आम्हा चार मित्रांच्या बोटीचं जे झालं, ते लिहितोय. यार्डाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण वकिलाकडे आहे.

बोट अस्सल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात खरंच डंकर्कला जाऊन आलेली होती, हे आधीच सांगतो. 14 मे 1940 रोजी बीबीसीवरून ब्रिटिश नौदलाने 30 ते 100 फूट लांबीच्या खाजगी यांत्रिक बोटींची माहिती मालकांकडून मागवली. महिनाअखेरीला फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आणि मित्रराष्ट्रांचं सैन्य जर्मनांच्या वेढ्यात अडकलं, तेव्हा थेम्सवरच्या अशा कितीतरी बोटी गोळा करून शीअरनेस बंदरामार्गे पलीकडे नेल्या. 26 मे ते 4 जून या काळात 3,38,226 सैनिक सुटले. बहुतेक जण मोठ्या जहाजांतून आले, पण उथळ पाण्यातून माणसं उचलून त्या जहाजांपर्यंत पोचवायला या लहान बोटीच कामी आल्या. सुटलेल्यांत 1939 च्या डिसेंबरात मुंबईहून निघालेल्या खेचरांच्या तुकड्यांतले हिंदी जवानही होते. म्हणून ही बोट आम्हाला कधी परक्यांची वाटली नाही.

कागदपत्रंही चोख होती. ब्रिटनच्या जहाज नोंदणीच्या पहिल्या भागात जहाजाचे 64 हिस्से धरतात. आमच्या प्रत्येकाच्या नावावर 16. त्या नोंदीत बोटीवर कर्ज असेल तर तेही दिसतं. तिसऱ्या भागातली नोंद मात्र मालकीचा पुरावा नसते, हे विकत घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. डंकर्कला गेलेल्या बोटींच्या मालकांची 1966 पासूनची संघटना आहे, तिच्याकडूनही इतिहासाची खात्री झाली. फसवणूक झाली ती यानंतर, दुरुस्तीत.

फळ्या बर्मी सागाच्या, आतल्या फासळ्या ओकच्या. ओकमधलं आम्ल लोखंडाला खातं, त्यामुळे कीलचे, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याचे, बोल्ट आतून झिजतात आणि वरून काही कळत नाही. खालच्या फळ्या कुजल्यात, बोल्ट बदलावे लागतील, हे यार्डवाल्याचं म्हणणं खरंच होतं. बोलायला गोड. टायटॅनिकमधून वाचलेल्या लाइटोलर यांनी आपल्या ‘सनडाउनर’ या बोटीतून डंकर्कहून सव्वाशेच्या वर माणसं कशी आणली, हे तो तिथे असल्यासारखं सांगायचा. पैशांचा विषय निघाला की म्हणायचा, “अशा बोटीच्या बाबतीत काटकसर शोभते का?” पैसे टप्प्याटप्प्याने, तेही फक्त बँकेतून थेट खात्यात, कार्ड चालणार नाही. दर टप्प्याला फोटो यायचे, सगळे बाहेरच्या बाजूचे. सागाच्या फळ्यांचं बिल आलं, बोल्टचं आलं, मजुरीचं तर आलंच.

विम्यासाठी आम्ही आमचा स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा जाणकार, नेला. बाहेरून पांढरा रंग आरशासारखा चकाकत होता. त्यांनी तिकडे फारसं पाहिलंच नाही. आत शिरून पायाखालच्या फळ्या उचलल्या आणि टॉर्च मारला. बदललेली फळी आतून मधाच्या रंगाची दिसायला हवी. तिथे इंजिनाच्या तेलाने काळीकुट्ट झालेली तीच फळी होती, आणि तांब्याच्या रिव्हेटांवर हिरवा कळंक. मग बाहेर येऊन हातोडीने ठोकत गेले. टणटण येणारा आवाज एका जागी बद्द झाला. रंग खरवडला, तर कुजका भाग कोरून त्यात मोटारीच्या पत्र्याला लावतात तसलं फिलर भरलेलं. शेवटी एक बोल्ट उपसून काढायला लावला. डोक्याला ताजा चंदेरी रंग, आणि मध्ये झिजून पेन्सिलीएवढा राहिलेला.

यार्डवाल्याचं उत्तर ऐकून माझं डोकंच फिरलं. “ऐतिहासिक बोट आहे, जितकं मूळ लाकूड राहील तितकं चांगलं, म्हणून ठेवलं.” जुनं शक्य तितकं जपावं, हे तत्त्व या क्षेत्रात खरंच मानतात. पण मग नव्या सागाचं बिल कशाचं? याच तत्त्वाआड लपून तो आम्हाला लुबाडत होता. ज्या बोटीने माणसं वाचवली, तिलाच रंग फासून पुन्हा समुद्रात लोटायला हा माणूस तयार होता, याचा राग पैसे बुडाल्यापेक्षा मोठा आहे.

वर शेवटचं बिल चुकतं केल्याशिवाय बोट हलू देणार नाही म्हणाला. दुरुस्ती करणाऱ्याला इथल्या कायद्याने तसा हक्क असतो. वकिलाच्या सल्ल्याने लेखी हरकत नोंदवून पैसे भरले आणि बोट सोडवली.

2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम योग्य कौशल्याने झालंच पाहिजे, त्यावर आमचा दावा उभा आहे. लहान दाव्यांच्या सोप्या पद्धतीची मर्यादा 10,000 पौंड. आमची रक्कम त्याहून जास्त, म्हणून खर्चाची वाट धरावी लागली. शंभर ते तीस हजार पौंडांपर्यंतची वस्तू किंवा काम असेल आणि क्रेडिट कार्डाने थोडी जरी रक्कम भरलेली असेल, तरी कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. कार्ड नको म्हणणाऱ्या यार्डाकडे म्हणूनच संशयाने पाहा.

आता दुसऱ्या यार्डाशी करार करताना दोन कलमं लिहून घेतली आहेत. काढलेली प्रत्येक फळी आणि बोल्ट आमच्या ताब्यात द्यायचा. आणि आमच्या सर्व्हेअरने आतून पाहून सही केल्याशिवाय रंगाचा हात लावायचा नाही, पुढचा हप्ताही मागायचा नाही.