फुले, धबधबा की नेढे : एका दिवसाच्या पावसाळी भटकंतीसाठी तीन पर्यायांची तुलना

श्रावण सरत आला की पुण्या-मुंबईच्या घरांत एक ठरावीक चर्चा सुरू होते. रविवार एकच मोकळा आहे, गाडी एकच आहे. पण कोणाला फुलांचे पठार पाहायचे असते, कोणाला धबधबा, आणि घरातल्या एखाद्या ट्रेकरला डोंगराच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळात आरपार पडलेले भोक, गाठायचे असते. अशा वेळी सातारा जिल्ह्यातील कास आणि भांबवली, अकोले तालुक्यातील रतनगड, आणि जुन्नर तालुक्यातील नाणेघाट व गुळुंचवाडी हे तीन पर्याय बहुधा समोर येतात. तिन्ही एका दिवसात होतात, तिन्हींमध्ये पायी चालणे आहे. पण त्या चालण्याचा कस आणि त्यातून पदरी पडणारे दृश्य यांत फार अंतर आहे.

ठिकाण ठरवण्याआधी तारीख ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या तीन गोष्टींचे हंगाम एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. घाटमाथ्यावरील धबधब्यांचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असतो आणि त्या काळात माथ्यावर धुके एवढे दाट असते की नेढ्यात पोहोचूनही समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. फुलांचा बहर ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत रंगात येतो, कारण त्यांना पाणथळ जमिनीबरोबर ऊनही लागते. नेढ्यासाठी उत्तम काळ ऑक्टोबरपासून पुढे, म्हणजे खडक वाळल्यावर आणि हवा स्वच्छ झाल्यावर सुरू होतो. पण तोवर धबधब्यांच्या बारीक धारा उरलेल्या असतात आणि पठारे पिवळी पडू लागतात. तिन्ही थोडे थोडे पदरात पाडून घेता येतील असा काळ साधारणपणे सप्टेंबरचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा एवढाच असतो, आणि तोही पाऊस लहरीपणा करणार नाही या अटीवर.

फुलांपुरते बोलायचे तर कासच्या तोडीस बाकीची दोन ठिकाणे उभी राहत नाहीत. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने साधारण पंचवीस किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर हे पठार आहे, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत त्याचा समावेश आहे. येथे बेसॉल्टवर जांभ्या खडकाचे टोपण आहे आणि त्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही. मोठे झाड तेथे मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात तोच कातळ भाजून निघतो. त्यामुळे चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या लहान वनस्पतींचेच तेथे राज्य असते. या मातीत नत्र इतके कमी की काही वनस्पतींनी ती उणीव किडे खाऊन भरून काढली आहे. सीतेची आसवे हे जांभळट निळे, नखाएवढे फूल दुरून केवळ रंगाचा पट्टा वाटते. पण त्याच्या तळाशी ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले अतिसूक्ष्म जीव आत ओढून घेतात. त्याच्याच शेजारी दवबिंदू नावाची वनस्पती असते, जिच्या पानांच्या केसांवर चिकट थेंब चमकत असतात आणि त्यांना दव समजून बसलेले चिलट पुन्हा उडत नाही. हे पाहण्यासाठी वाटेच्या कडेला उकिडवे बसावे लागते आणि सोबत एखादे भिंग असल्यास फारच उत्तम.

कासमध्ये रंग आठवड्यागणिक बदलतात, ही गोष्ट ठरवणाऱ्याने ध्यानात ठेवली पाहिजे. गेंदाचे पांढरे ठिपके आधी येतात, मग तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा रंग चढतो, आणि शेवटी सोनकीचा पिवळा गालिचा पसरतो. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच सामुदायिकपणे फुलते. त्यामुळे समाजमाध्यमांवर पाहिलेले छायाचित्र मागील पंधरवड्याचे असेल, तर तो रंग तुम्ही पोहोचेपर्यंत ओसरलेला असण्याची शक्यता मोठी असते. हंगामात येथे रोज ठरावीक संख्येनेच प्रवेश दिला जातो, त्यासाठी आगाऊ नोंदणी करून वेळ निवडावी लागते, आणि शनिवार-रविवारच्या वेळा लवकर भरतात. सकाळी पहिल्या वेळेत धुके असण्याचा धोका असतो आणि अनेक फुले ऊन आल्याशिवाय नीट उमलत नाहीत. म्हणून उशिराच्या सकाळची वेळ मला अधिक भरवशाची वाटते. येथे चालणे जवळपास सपाटीवरचे आहे. वाट सोडून फुलांत आडवे होऊन छायाचित्र काढण्याची हौस असणाऱ्यांनी मात्र या पठारावर न येणेच बरे, कारण एका माणसाच्या पाठीखाली पुढच्या वर्षीचे बीही चिरडले जाते.

धबधब्याची जोड हवी असेल तर कासहून पुढे भांबवलीचा वजराई धबधबा आहे. तो तीन टप्प्यांत कोसळतो आणि त्याची उंची सुमारे ५६० मीटर सांगितली जाते. गाडी जेथे थांबते तेथून जंगलातील पायवाटेने चालत जावे लागते. ही वाट ओलसर, झाडीची आणि जळवांची आहे, त्यामुळे मोज्यांत पँट खोचून घेणे आणि सोबत मिठाची पुरचुंडी ठेवणे हा जुना उपाय आजही कामाचा आहे. धबधबा समोरून, दरीपलीकडून पाहायचा आहे. त्याखाली भिजण्याची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची निराशा होईल. मात्र नेढे किंवा नैसर्गिक कमान हा प्रकार या पर्यायात अजिबात नाही.

रतनगडाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे एकेका बाबतीत पाहिले तर प्रत्येक गोष्ट दुसरीकडे अधिक चांगली मिळेल. पण फुले, पाणी आणि नेढे या तिन्ही गोष्टी एकाच पायवाटेवर मिळण्याचे या तिघांतले हे एकमेव ठिकाण आहे. मुंबईहून घोटीमार्गे आणि पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे भंडारदऱ्याच्या शेंडी गावी यावे आणि तेथून जलाशयाला वळसा घालत रतनवाडी गाठावी. या रस्त्यावरच डोंगरांवरून इतक्या धारा उतरत असतात की गाडीतील मंडळी वारंवार थांबायला सांगतात आणि चढाईला उशीर होतो. तो मोह परतीसाठी राखून ठेवावा. रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर व त्याची पुष्करिणी पाहायला अर्धा तास पुरतो, आणि तोही गड उतरल्यावर द्यावा.

रतनवाडीहून वाट प्रवरेच्या उगमाकडील ओढ्याच्या सोबतीने जाते आणि तो ओढा अनेकदा ओलांडावा लागतो. मोठा पाऊस सुरू असेल तर सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी मांडीपर्यंत येऊ शकते, आणि माझ्या मते शिड्यांपेक्षा हाच या वाटेवरचा खरा धोका आहे. पुढे दाट जंगल, कात्राबाई खिंडीकडे जाणारा फाटा, आणि मग कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या येतात. शिड्या भक्कम आहेत, पण अरुंद आहेत. रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे यांची तेथे कोंडी होते आणि ओल्या कातळावर ताटकळत उभे राहावे लागते. सवयीच्या माणसाला माथ्यापर्यंत अडीच ते तीन तास लागतात. गड १२९७ मीटर उंच आहे. गणेश दरवाजातून वर आल्यावर कड्याच्या कडेकडेने जाणारी वाट सप्टेंबरअखेरीस सोनकी आणि तेरड्यातून जाते. कासची विविधता येथे नाही. पण फुले उतारावर असल्यामुळे ती पायाखाली नव्हे तर डोळ्यांसमोर येतात आणि त्यांच्यामागे थेट दरी दिसते.

नेढे गडाच्या सर्वांत उंच भागात आहे. लाव्ह्याच्या थरांतून तयार झालेल्या या डोंगररांगेत जेथे कड्याची भिंत अगदी अरुंद उरली आहे, तेथे भेगांतून शिरणारे पाणी आणि वारा यांनी कमजोर खडक झिजवून आरपार भोक पाडले आहे. शेवटचा टप्पा हातांचा आधार घेत चढावा लागतो. आत पंधरा-वीस माणसे सहज बसू शकतात, पण वारा इतक्या जोराने आरपार जातो की टोपी आणि डब्याचे झाकण सांभाळावे लागते. शेजारच्याशी बोलतानाही आवाज चढवावा लागतो. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला भंडारदऱ्याचा जलाशय आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले १६४६ मीटरचे कळसूबाई, आणि त्याच रांगेत अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्ग ओळीने दिसतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी, उंचीची भीती वाटणाऱ्यांनी आणि लहान मुले सोबत असणाऱ्यांनी पावसाळ्यात हा गड निवडू नये. त्यांच्यासाठी शेंडीजवळचा रंधा धबधबा आहे. तो गाडीतून उतरून थोडे चालले की दिसतो, पण मग ती सहल होईल, गिर्यारोहण नव्हे.

तिसरा पर्याय, जुन्नरचा, लोकांच्या यादीत सहसा एकत्र येत नाही, कारण त्याची दोन टोके तालुक्याच्या दोन बाजूंना आहेत. पश्चिमेला नाणेघाट आणि पूर्वेला, कल्याण-अहिल्यानगर महामार्गावरील आणे घाटात गुळुंचवाडी. नाणेघाटाला जुन्नरकडून गाडी थेट माथ्यावर जाते. चालायचे असेल तर कोकणातील वैशाखरेकडून चढणारी प्राचीन वाट आहे आणि ती दोन-अडीच तासांत माथ्यावर आणते. सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेखाची गुहा या वाटेच्या तोंडाशीच असल्यामुळे खालून चढून येणाऱ्याला या घाटाचा अर्थ अधिक नीट कळतो. येथील उलटा धबधबा, म्हणजे कड्यावरून पडणारे पाणी कोकणातून येणाऱ्या वाऱ्याने पुन्हा वर उडणे, हे दृश्य जोराच्या वाऱ्यावर अवलंबून आहे. तो वारा जुलै-ऑगस्टमध्ये असतो. सप्टेंबरअखेरीस फुलांसाठी येणाऱ्याला पाणी बहुधा निमूटपणे खालीच पडताना दिसते, आणि मग लोक फसवल्यासारखे परततात. कड्याच्या काठापासून मात्र दूर उभे राहावे; जो वारा पाणी वर उडवतो तो माणसाचाही तोल घालवतो.

गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल हे अगदी वेगळे प्रकरण आहे. रतनगडाचे नेढे डोंगराच्या माथ्यावर आहे, तर हा पूल ओढ्याच्या पात्रात आहे: पाण्याने वरचा कठीण थर शाबूत ठेवून खालचा खडक पोखरला आणि कातळाची कमान शिल्लक राहिली. महामार्गापासून काही मिनिटे उतरले की माणूस कमानीवरूनही चालू शकतो आणि खाली उतरून तिच्या पोटाखालीही उभा राहू शकतो. आजीआजोबांना आणि शाळकरी मुलांना एकाच वेळी दाखवता येईल अशी भूरूपे आपल्याकडे थोडी आहेत, आणि म्हणून या जागेला मी तिच्या प्रसिद्धीपेक्षा बराच अधिक मान देतो. हा भाग पर्जन्यछायेचा असल्याने ओढ्याला पाणी चांगला पाऊस झाल्यावरच असते. पण कमान पाहण्यासाठी कोरडे पात्रच सोयीचे पडते. फुलांच्या दृष्टीने येथे काही नाही आणि नाणेघाटाच्या पठारावर आहे ते मध्यम प्रतीचे आहे.

आता निवडीकडे. सोबत ज्येष्ठ नागरिक किंवा दहा वर्षांखालील मुले असतील आणि फुले हाच मुख्य हेतू असेल, तर कास निवडावे, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी. रविवारी यवतेश्वर घाटात अडकून राहण्यापेक्षा त्या दिवशी न गेलेले बरे. तेच कुटुंब जुलैत निघणार असेल, तर कासला फारसे काही फुललेले नसल्याने नाणेघाट व गुळुंचवाडी हा अधिक शहाणपणाचा बेत ठरतो. दिवसभर चालण्याची तयारी असलेल्या चार-पाच जणांच्या गटाने रतनगडच करावा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करावा, आणि शक्य असल्यास आदल्या रात्री रतनवाडीत मुक्काम करून पहाटे चढायला लागावे, म्हणजे शिड्यांवरची कोंडीही टळते आणि उतरताना ओढा अंधारात ओलांडावा लागत नाही.

पुण्यातील ज्या वाचकांना भंडारदऱ्यापर्यंतचा प्रवास जड वाटतो, त्यांच्यासाठी राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढे हा जवळचा पर्याय आहे. गुंजवणे गावातून चोरदरवाजाची वाट खडी आहे, पाली दरवाजाची पायऱ्यांची आणि सोपी. धबधबा म्हणावा असे तेथे काही नाही, मात्र सप्टेंबरात माचीवर सोनकी असते. कड्यांना आग्यामोहळे असल्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरड तेथे कटाक्षाने टाळावी. इर्शाळगडाच्या प्रसिद्ध नेढ्याचा विचार मात्र पावसाळ्यात करू नये. जुलै २०२३ मध्ये त्याच गडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, आणि तो उतार ऐन पावसात भटकंतीसाठी निवडण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. कोणताही पर्याय ठरवला तरी निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा आणि जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश पाहून घ्यावा, कारण अतिवृष्टीच्या आठवड्यात धबधब्यांची ठिकाणे बंद केली जातात आणि घाटाच्या नाक्यावरून गाड्या परत पाठवल्या जातात.