पेढीचं गोळीरोधक दार: काचेआधी चौकट बघा

नाशिकच्या सराफ बाजारात आमची तिसऱ्या पिढीची पेढी आहे. गेल्या दिवाळीनंतर दर्शनी दार, शेजारची खिडकी आणि आतली कॅश केबिन, तिन्ही गोळीरोधक करून घेतली. काम अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरचं (लोखंडी दारं-चौकटी बनवणाऱ्याचं). आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही बघून झालेत, म्हणून लिहितेय. काम पक्कं आहे, पण दोन तक्रारी आहेत.

आधी दुसऱ्याच एका पुरवठादाराला काम देणार होतो. त्याच्या कोटेशनवर एवढंच होतं: 'बुलेटप्रूफ काच, १२ एमएम'. कोणत्या गोळीला, किती गोळ्यांना, कोणत्या मानकाप्रमाणे, काहीच नाही. नमुन्याची कड बघितली तर दोन काचा आणि मध्ये एक पातळ थर, म्हणजे साधी लॅमिनेटेड काच. आमचे अण्णा ॲडव्हान्सचा चेक लिहीत होते, मी थांबवलं.

अंबडच्या फोरमननी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, कशापासून वाचायचंय?" मग ईएन १०६३ या युरोपीय मानकाचा तक्ता समोर ठेवला. त्यात कोणती गोळी अडते त्यावरून काचेचे बीआर वर्ग असतात: बीआर २ म्हणजे ९ एमएम पिस्तूल, बीआर ३ म्हणजे रिव्हॉल्व्हरची .३५७ मॅग्नम गोळी, बीआर ४ म्हणजे .४४ मॅग्नम. बीआर ५ पासून वर रायफली. शॉटगनचा (१२ बोरची बंदूक) वर्ग वेगळा, एसजी. बीआर वर्गांच्या चाचणीत १२० एमएम अंतरावर त्रिकोणात तीन गोळ्या मारतात, एक झेलून भागत नाही. आपल्याकडचा गावठी कट्टा पुष्कळदा .३१५ किंवा १२ बोरचा असतो. .३१५ ची गोळी त्या तक्त्यातच नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, उगाच हमी दिली नाही. माझा विश्वास तिथेच बसला. आम्ही बीआर ४ घेतलं आणि त्याच काचेचा शॉटगनचा चाचणी अहवालही मागून घेतला.

त्यांच्याकडे गोळ्या झेललेले दोन तुकडे होते. पहिला निव्वळ काचेचा. गोळी अडली होती, पण मागच्या बाजूने बोट फिरवायला गेले तर त्यांनी हात धरला. मागून काचेच्या सुया निघालेल्या होत्या आणि तुकडा ज्या पिशवीत ठेवला होता तिच्या तळाशी चुरा साठला होता. आत बसलेल्या माणसाचे डोळे त्यानेच जायचे. दुसऱ्याच्या आतल्या बाजूला पॉलिकार्बोनेट, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिक होतं. पुढून कोळ्याचं जाळं, मागून थोडा फुगवटा, हाताला गुळगुळीत. प्रमाणपत्रावर वर्गाच्या पुढे 'एस' असेल तर मागे कपच्या उडतात, 'एनएस' असेल तर नाही. आमचा कॅशिअर काचेपासून हातभर अंतरावर बसतो, त्यामुळे एनएसच.

वजनाचाही फरक पडतो. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते, पॉलिकार्बोनेट साधारण सव्वा किलो. ३० एमएमची नुसती काच घेतली तर एका चौरस मीटरला ७५ किलो. एवढा भार घेणारी बिजागरी आणि भिंत हवी. आमचा वाडा जुना, म्हणून चौकट विटांत न ठोकता मागे लोखंडी सांगाडा उभा करून त्याला बोल्ट केली.

चौकटीबद्दल मात्र आग्रहाने सांगते. ॲल्युमिनिअमची चौकट दिसायला छान, पण आत पोलाद नसेल तर गोळी काच सोडून तिथून आत येईल. दार आणि चौकट यांच्यातली फट, कुलपाची जागा, काचेची कड, सगळीकडे मागून पोलादी पट्टी हवी. कठीण केलेल्या पोलादाला वेल्डिंग केलं की सांध्याजवळचा भाग उष्णतेने मऊ पडतो. म्हणून यांनी प्रत्येक सांध्यामागे वेगळी पट्टी दिली. मी टॉर्च घेऊन एकेक सांधा बघितला. आख्ख्या दाराचा वर्ग ईएन १५२२ या मानकाप्रमाणे ठरतो, त्याचाही कागद मागा.

नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं होतं, ते आमच्या उंबऱ्याने पाहिलंय. थरांच्या काचेची कड पाण्यात राहिली तर थर सुटायला लागतात, कडेने दुधी पट्टा चढतो. म्हणून काच रबरी ठोकळ्यांवर उचलून बसवली, खालच्या पट्टीला पाणी निघायला भोकं ठेवली आणि तळाच्या पोलादाला जस्ताचा मुलामा दिला. या पावसात कड अजून स्वच्छ आहे.

आता तक्रारी. काम ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा झालं, ऐन लग्नसराईत आमचं अर्धं दुकान ताडपत्रीखाली होतं. आणि पॉलिकार्बोनेट कशाने पुसायचं हे कुणीच सांगितलं नाही. आमच्या पोराने नेहमीच्या अमोनियावाल्या फवाऱ्याने केबिनची आतली बाजू पुसली, तर कॅशिअरच्या डोळ्यांसमोरच वितभर धुरकट डाग पडला. तो जात नाही, वॉरंटीतही बसत नाही म्हणाले. आता कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ सुती फडकं, बाकी काही लावू देत नाही. दार आपोआप लावणारा क्लोजरही वजनाला कमी पडत होता, तो मात्र एका फोनवर बदलून दिला.

काम द्यायचंच असेल तर सोमवारी जा. फोरमनना निवांत वेळ मिळतो आणि ते तुकडे हातात घेऊन बघता येतात.