कॉकपिट: टर्मिनलवाल्यांनीही सर्व्हरवर टाकावं असं

कॉलेजचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. बहुतेक रॉकी लिनक्सवर आहेत, एक जुना फाइल सर्व्हर डेबियनवर (दोन्ही लिनक्सचेच प्रकार). सगळं लांबूनच, एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड द्यायची सोय). माझा हात टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीवर बसलेला, तरीही आता प्रत्येक नव्या मशीनवर मी कॉकपिट टाकतो.

कॉकपिट म्हणजे रेड हॅटच्या पाठिंब्याने चाललेला, ब्राउझरमधून सर्व्हर चालवायचा मुक्त प्रकल्प. पोर्ट ९०९०, लॉगिन लिनक्सच्या नेहमीच्याच खात्याने. मला तो पटला तो एका गोष्टीमुळे: सेटिंगची स्वतःची वेगळी वही तो ठेवत नाही. सिस्टमडी (सर्व्हिस सांभाळणारा), नेटवर्कमॅनेजर (नेटवर्क सांभाळणारा), जर्नल (सिस्टमच्या नोंदी) या लिनक्सवरच्याच भागांशी थेट बोलतो. टर्मिनलमध्ये एखादी सर्व्हिस बंद केली की ब्राउझरमध्ये ती तत्क्षणी बंद दिसते. अशा कामाची दुसरी काही पॅनेल हाताने बदललेली फाइल आपल्या प्रतीने पुसून टाकतात, तो धोका इथे नाही. शिवाय कोणी जोडल्यावरच तो जागा होतो. एरवी मेमरी अडवत नाही.

सगळ्यात मोलाचं पान नेटवर्कचं. लांबच्या सर्व्हरचा आयपी बदलताना पोटात गोळा येतो, कारण आकडा चुकला की आपलीच वाट बंद होते आणि गाडी काढून सर्व्हर रूम गाठावी लागते. कॉकपिट बदल करण्याआधी नेटवर्कमॅनेजरमध्ये परतीची खूण ठेवतो. बदलानंतर जोडणी तुटली, तर थोड्या वेळाने जुनी सेटिंग आपोआप परत येते. टर्मिनलमध्ये हे जमवता येतं, पण तयारी आपणच करायची. आमच्याकडे नव्याने आलेली मुलगी ‘सर, आयपी बदलू का?’ असं विचारते, तेव्हा मी तिला हेच पान उघडायला सांगतो. लॉगचं पानही छान आहे. फक्त एरर निवडल्या की रात्री काय बिघडलं ते जर्नलचे पर्याय पाठ नसलेल्यालाही कळतं.

पण बदल करायची खरी जागा माझ्या मते टर्मिनलच. तिथे केलेलं काम लिहून ठेवता येतं, स्क्रिप्ट होते, गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) जातं, दहा मशीनवर तेच तसंच चालतं. माउसने कुठे कुठे क्लिक केलं हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? एसटीत बसून मोबाइलच्या तुटक नेटवर्कवर काम करायचं, तर टीमक्स (जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा) आणि मॉश (एसएसएचसारखीच दूरची जोडणी देणारा) हवेतच. मॉश टाइप केलेली अक्षरं सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता दाखवतो आणि नेटवर्क बदललं तरी सत्र टिकवतो. तिथे कॉकपिटचे आलेख काय कामाचे! (कॉकपिटमध्येही टर्मिनल आहे. चांगलं आहे, पण ब्राउझरचा टॅब गेला की तेही गेलं.)

उणिवा सांगायलाच हव्यात. डेबियन-उबुंटूवर नेटवर्क नेटवर्कमॅनेजरकडे नसेल, तर ते पान जवळपास निरुपयोगी होतं, आणि अपडेटचं पान मशीन चालू असूनही ‘ऑफलाइन’ म्हणत बसतं. जुन्या कामगिरीचे आलेख हवेत तर पीसीपी हे कामगिरीचे आकडे साठवणारं साधन वेगळं टाकावं लागतं. प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनाचाही मूळ पोर्ट ९०९०च, त्यामुळे दोन्ही एका मशीनवर असतील तर एकाचा बदलावा लागतो. एका खिडकीतून अनेक सर्व्हर बघायची सोय सुरक्षिततेच्या कारणाने प्रकल्पानेच मागे घ्यायला सुरुवात केली आहे. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

आणि ९०९० इंटरनेटवर उघडा ठेवू नका. फायरवॉलमध्ये बंद करा, एसएसएचच्या बोगद्यातून (सुरक्षित जोडणीच्या आतून) आपल्या लॅपटॉपच्या लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच पत्त्यावर आणा. एका ओळीची कमांड आहे, आणि लॉगिनचं पान बाहेरच्या कोणाला दिसतही नाही.