बेसबॉल बघताना आवाज कोणाचा लावायचा? बदललेल्या कॉमेंट्री टीम्सचा माझा रिव्ह्यू

एमएलबी टीव्ही, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉल लीगच्या मॅच दाखवणारी ऑनलाइन सेवा, घेऊ का असं कोणी विचारलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात, पिक्चर कसं येतं, ब्लॅकआउटची (काही मॅच तुमच्या भागात बंद ठेवण्याची) कटकट किती, पैसे वसूल होतात का. आवाजाबद्दल कोणीच विचारत नाही आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. बहुतेक मॅचना होम आणि अवे अशा दोन्ही फीड मिळतात, म्हणजे मॅच एकच पण कॉमेंट्री दोन वेगळ्या टीमची, शिवाय टीव्हीच्या चित्रावर रेडिओवाल्यांचा आवाजपण लावता येतो. म्हणून हा रिव्ह्यू फक्त आवाजांचा, आणि तोसुद्धा मुख्यतः जिथे माणसं बदलली तिथला, कारण प्रत्येक बदलाला फॅन्स पेटले आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर होतं.

नुकतंच बघायला लागलेल्यांसाठी एवढं सांगतो की क्रिकेटसारखे सिरीजपुरते आलेले कॉमेंटेटर इथे नसतात. प्रत्येक टीमचं आपलं लोकल चॅनल, त्यावर ठरलेली जोडी, एक जण प्ले-बाय-प्ले, म्हणजे मैदानात काय चाललंय ते क्षणाक्षणाला, सांगणारा आणि दुसरा बहुतेक वेळा जुना खेळाडू. सिझन 162 मॅचचा, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी मॅच. घरातल्या माणसांपेक्षा या दोघांचा आवाज जास्त ऐकला जातो कधीकधी. तो एक दिवस अचानक बंद झाला तर लोक चिडणारच ना.

पण चिडतात कोणावर? इतकी वर्षं हे बघून माझं मत असं झालंय की राग जुन्याला काढणाऱ्यावर असतो आणि मार नवीन माणूस खातो.

सगळ्यात ठळक केस बॉस्टनची. डॉन ओर्सिलो 2001 पासून नेसन चॅनलवर रेड सॉक्सच्या मॅच सांगायचा, सोबत जेरी रेमी, स्वतः रेड सॉक्सकडून सेकंड बेस खेळलेला. या दोघांची पिझ्झावाली क्लिप बघितली नसेल तर आधी ती बघा. 2007 चा एप्रिल, रेड सॉक्सचं मैदान फेनवे पार्क, लेफ्ट फील्डच्या कडेला फाउल बॉल जातो, प्रेक्षकांची झटापट, आणि मागून कोणीतरी पिझ्झाचा तुकडा समोरच्या माणसावर फेकून मारतो. रेमी रिप्ले दाखवून एखाद्या अवघड कॅचचं विश्लेषण करावं तसं बॉल कुठे, हात कुठे, मग ‘हिअर कम्स द पिझ्झा’ असं सांगतो आणि बाजूला ओर्सिलोला हसून हसून बोलताच येत नाही. असल्या गोष्टी लिहून देता येत नाहीत, वर्षानुवर्षं शेजारी बसल्यावरच होतात.

आणि हे सगळं चालू असताना 2015 च्या ऑगस्टमध्ये बातमी फुटली की ओर्सिलोचं काँट्रॅक्ट पुढे चालू ठेवणार नाहीत. लोकांना पटेल असं कारणच कधी समोर आलं नाही. हजारो फॅन्सनी ऑनलाइन पिटिशनवर सह्या केल्या, काही उपयोग झाला नाही. सिझनची शेवटची मॅच क्लीव्हलंडला होती, तिथे रेड सॉक्सच्या खेळाडूंनी बूथकडे बघून टोप्या काढल्या. खेळाडू कॉमेंटेटरला असा निरोप देतात हे रोज दिसत नाही.

त्याच्या जागी 2016 ला डेव्ह ओब्रायन आला. आता हा काही बाहेरून उचलून आणलेला नवखा नव्हता, रेड सॉक्सच्या रेडिओवर कित्येक वर्षं तोच होता आणि तिथे लोक त्याला मानायचे. पण टीव्हीच्या खुर्चीत बसला आणि एका रात्रीत त्याच्या आवाजात खोट दिसायला लागली. मला तो आवडतो. आवाज खणखणीत, होम रनचा अंदाज अचूक, बॉल भिंतीला लागणार की वरून जाणार हे कॅमेऱ्याच्या आधी त्याच्या सुरात कळतं. कमी पडतं ते गप्पांमध्ये, आणि त्यात त्याचा दोष मला कमी वाटतो. रेमीचं कॅन्सरचं आजारपण पुन्हा पुन्हा उलटत राहिलं, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, 2022 नंतर बूथमधला दुसरा जुना खेळाडू डेनिस एकर्सलीपण निवृत्त झाला आणि मग बाजूच्या खुर्चीत कधी युकिलिस, कधी मिडलब्रुक्स, कधी मेर्लोनी. दर सिरीजला पार्टनर बदलला तर जोडी जमणार कशी? फीड चांगली आहे, मॅच नीट समजते, पण रात्री साडेदहाला सहा रनांनी हरत असताना टीव्ही चालू ठेवावासा वाटेल अशी नाही.

ओर्सिलो गेला सॅन दिएगोला. पहिलं वर्ष डिक एन्बर्गच्या हाताखाली, 2017 पासून मुख्य, सोबत मार्क ग्रँट. सगळ्या लीगमध्ये कोणाची फीड लावू असं विचारलंत तर माझं उत्तर पाद्रेज, म्हणजे हीच सॅन दिएगोची टीम, डोळे झाकून. ग्रँट मनापासून हसतो, ओर्सिलो त्याला हसवतो आणि तरी मॅचमधला एक पिच (पिचरने टाकलेला बॉल) सुटत नाही. 2023 च्या मे अखेरीस त्यांच्या चॅनलवाल्या कंपनीने पाद्रेजचे पैसे भरले नाहीत, प्रसारण थेट लीगने हातात घेतलं, चॅनल बदललं, मालक बदलला, पण जोडी तीच ठेवली, आणि फॅन्सना चॅनल शोधायचा त्रास सोडला तर फारसं काही बिनसलं नाही. यातून बाकी चॅनलवाल्यांनी शिकावं असं फार वाटतं, लोगो आणि ग्राफिक्स काय हवे ते बदला, माणसं सांभाळा.

आता शिकागो व्हाइट सॉक्स, इथे माझा जीव जास्त तुटतो. जेसन बेनेटी तिथल्याच भागात वाढलेला, लहानपणापासूनचा व्हाइट सॉक्स फॅन, सोबत स्टीव्ह स्टोनसारखा मुरलेला माणूस. पिचर तिसऱ्यांदा त्याच बॅटर्ससमोर आला की का मार खातो हे बेनेटी असं समजावायचा की आकड्यांची भीती वाटणाऱ्यालाही कळावं, आणि पुढच्याच मिनिटाला स्टोनची फिरकी घ्यायचा. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तो डेट्रॉइट टायगर्सकडे गेला. घरचा पोरगा, घरची टीम, आणि तो जातोय, मग फॅन्सनी क्लबला जे काय ऐकवलं ते ऐकवायलाच हवं होतं.

त्या खुर्चीत 2024 ला जॉन श्रिफेन आला आणि त्याचं नशीब बघा, त्या वर्षी टीम 121 मॅच हरली, आधुनिक बेसबॉलमधल्या सर्वांत जास्त. रोज हरणाऱ्या टीमची कॉमेंट्री, समोर जुन्याच्या आठवणीने चिडलेला प्रेक्षक, आणि त्यात हा होम रनला ‘साउथ साइड, स्टँड अप’ (साउथ साइड म्हणजे शिकागोतला व्हाइट सॉक्सचा भाग) अशी आरोळी ठोकणार. लोकांना ते खुपलं आणि मलाही खुपतं, नऊ रनांनी मागे असताना जल्लोषाचा सूर कानाला लागतो. पण तयारी त्याची चांगली असते, नवीन खेळाडूंची माहिती असते आणि स्टोन बोलायला लागला की मध्ये तोंड घालत नाही, हेही सांगायला पाहिजे. तिकडे बेनेटीच्या पहिल्याच वर्षी टायगर्स 2014 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये. डेट्रॉइटची फीड सध्या मस्त आहे, जरूर लावा.

डेट्रॉइटवरून आठवलं, हे रेडिओचं आहे पण सांगतोच. 1990 च्या डिसेंबरमध्ये टायगर्सच्या लाडक्या अर्नी हार्वेलला सांगण्यात आलं की 1991 चा सिझन तुझा शेवटचा. गाव पेटलं. त्याच्या जागी आलेल्यांपैकी एक रिक रिझ, त्याला डेट्रॉइटने कधी आपला मानलंच नाही, 1993 ला नव्या मालकाने हार्वेलला परत आणलं आणि रिझ 1995 ला परत सिअ‍ॅटलला गेला. तिथे तोच माणूस पुढे कित्येक वर्षं मॅरिनर्सचा आवाज म्हणून डोक्यावर घेतला गेला. माणूस तोच, आवाज तोच!

मग हे नीट कोणी केलं तर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी. व्हिन स्कली म्हणजे 67 सिझन, 1950 ला ब्रुकलिनमध्ये सुरुवात, 2016 ला निवृत्ती, आणि बूथमध्ये एकटाच बोलायचा. त्याच्या जागी कोणीही आलं असतं तरी कमीच वाटलं असतं. पण तिशीही न गाठलेल्या जो डेव्हिसला त्यांनी स्कलीच्या शेवटच्या वर्षातच बाहेरगावच्या मॅच दिल्या, 2017 ला मुख्य केलं, आणि एकट्याने बोलायचा हट्ट न धरता सोबत ओरेल हर्शायझर दिला. लोकांना कान जुळवायला एक पूर्ण वर्ष मिळालं. डेव्हिस स्कलीसारखं करायला गेला नाही. फक्त एकदा, 2024 च्या वर्ल्ड सिरीजच्या (लीगच्या फायनलच्या) पहिल्या मॅचला, दुखऱ्या पायाच्या फ्रेडी फ्रीमनने दहाव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारून मॅच संपवली तेव्हा त्याने 1988 च्या कर्क गिब्सनच्या होम रनला स्कलीने वापरलेलेच शब्द घेतले, ‘शी इज गॉन’, आणि पुढे आपलं एकच वाक्य, ‘गिबी, मीट फ्रेडी’. गिब्सनपण तेव्हा लंगडतच आला होता. मग डेव्हिस गप्प बसला आणि स्टेडियमला बोलू दिलं. मी ती क्लिप अजून बघतो. ती खुर्ची त्या रात्री पूर्ण त्याची झाली असं माझं ठाम मत आहे.

बाल्टिमोरचं थोडक्यात. 2023 ला ओरिओल्सच्या कॉमेंटेटर केव्हिन ब्राउनला प्रसारणातून बाजूला ठेवलं असं बाहेर आलं, कारण काय तर टँपा बेच्या मैदानावरचा टीमचा जुना खराब रेकॉर्ड त्याने सांगितला. रेकॉर्ड खरा होता आणि तो टीम आता सुधारली हे सांगायलाच बोलला होता. दुसऱ्या टीमच्या कॉमेंटेटर्सनी ऑन एअर निषेध केला, ओरिओल्सच्या मैदानावर, कॅम्डन यार्ड्समध्ये, ‘फ्री केव्हिन ब्राउन’च्या घोषणा झाल्या, तो परत आला. कॉमेंटेटरने खरं बोलावं असं फॅन्सना वाटतं हे मालकांना कळत कसं नाही कोण जाणे. मेट्सना कळलंय, गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ, रॉन डार्लिंग 2006 पासून तिघं तेच, आपल्याच टीमला झोडतात आणि न्यूयॉर्क त्यांच्यावर जीव टाकतं.

नव्या लोकांच्या बाजूने अजून एक. 2023 ला पिच क्लॉक, म्हणजे पिचरने किती वेळात बॉल टाकायचा याचं घड्याळ, आलं, बेसवर कोणी धावपटू नसला तर 15 सेकंद, आणि सरासरी मॅच सुमारे 24 मिनिटांनी आटोपशीर झाली. मॅच बघायला भारी झाली, पण जुने लोक दोन पिचच्या मध्ये अख्खी गोष्ट सांगायचे ती जागा गेली. नवीन माणूस तोंड उघडतो तोवर पुढचा पिच पडतो, आणि आपण त्याची तुलना निवांतपणे बोलणाऱ्या माणसाशी करतो.

व्हाइट सॉक्सची मॅच असेल तर माझा सल्ला असा की चित्र त्यांचंच ठेवा आणि आवाज रेडिओचा लावा, तिथे लेन कॅस्पर आहे, जो आधी शिकागोच्याच दुसऱ्या टीमचा, कब्जचा, टीव्हीवरचा आवाज होता आणि 2020 च्या सिझननंतर इकडे आला. श्रिफेनला मी अजून एक सिझन देणार आहे, टीम जरा जिंकायला लागली की त्याची आरोळी कशी लागते ते ऐकायचंय.