डेस्कटॉपसाठी वायफाय कार्ड: अँटेना कपाटावर, फाईल प्रेसमध्ये

ज्यांच्या मोबाईलला वायफाय झकास मिळतं आणि त्याच टेबलावरच्या डेस्कटॉपचं मात्र सारखं तुटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी घेतलं ते पीसीआय-ई वायफाय कार्ड, म्हणजे कॅबिनेटच्या आत खाचेत बसवायचं. आत इंटेलची एएक्स२१० चिप, आणि सोबत चुंबकाच्या बुडाचा, मीटरभर वायर असलेला अँटेना. ही चिप घालून कार्डं विकणारे बरेच आहेत, त्यामुळे खोक्यावरचं नाव बघण्यापेक्षा चिप आणि अँटेना बघून घ्या. मला अडीच हजारांच्या आतबाहेर पडलं. पैसे वसूल. पण त्याच्याआधी एका साध्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरीनं अर्धं काम झालं होतं. ते आधी सांगते, कारण काहीजणांना कार्डाची गरजच पडणार नाही.

माझं काम फ्लेक्स डिझाईनचं. कोल्हापुरात फ्लेक्सला मरण नाही. वाढदिवस, निवड, अभिनंदन, शाहू स्टेडियमवर पेठेतल्या टीमची मॅच, गणपती, सगळ्याला बोर्ड लागतो आणि सगळ्याला तो 'आत्ता' लागतो. वीस बाय दहा फुटांची टिफ फाईल ७२ डीपीआयला ठेवली तरी कॉम्प्रेशनशिवाय ६०० एमबीच्या घरात जाते. ती शिवाजी पेठेतल्या माझ्या टेबलावरून उद्यमनगरातल्या प्रेसला पाठवायची. मोबाईलवर दिवसभर व्हिडिओ बघणाऱ्याला दोन सेकंद नेट गेलेलं कळतसुद्धा नाही. माझी फाईल मात्र नव्वद टक्क्यांवर जाऊन पडते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. प्रेसवाले फोन करतात, "वहिनी, फाईल आली न्हाई अजून. मंडळाची पोरं दारात हुबी हायत." आता ह्यांना काय सांगायचं?

नेट देणाऱ्या कंपनीला फोन केला की राउटर बंद करून चालू करा, एवढंच. माणूस आला, त्यानं सोप्यात राउटरजवळ उभं राहून स्वतःच्या मोबाईलवर स्पीड मोजला, ९५ एमबीपीएस दाखवला, सही घेतली आणि गेला. आतल्या खोलीत, जिथं कॉम्प्युटर आहे तिथं, पाऊल टाकलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खरं सांगायचं तर दोष त्यांच्या लाईनचा नव्हताच. पण तो कुठं आहे हे शोधणं त्या माणसाला जमायला हवं होतं.

ते शोधायला पैसे लागत नाहीत. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडायच्या. एकीत आपल्या राउटरला पिंग लावायचं, म्हणजे 'आहेस का?' असं सारखं विचारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. त्यासाठी 'पिंग' आणि पुढं राउटरचा पत्ता टाकायचा, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नसला तर आयपीकॉन्फिग दिल्यावर डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा येतो तो घ्यायचा. दुसरीत ८.८.८.८, हा घराबाहेरचा, गूगलचा पत्ता. दोन्हींच्या शेवटी 'उणे टी' लावायचं, म्हणजे ते आपण थांबवेपर्यंत चालू राहतं. मग आपलं रोजचं काम करत बसायचं. फक्त दुसरी खिडकी अडखळली तर लाईनचा किंवा कंपनीचा दोष. राउटरवालीच अडखळली तर दोष घरातच, कॉम्प्युटर आणि राउटरच्या मधे. बरं चाललेलं वायफाय राउटरला दोन-चार मिलिसेकंदांत उत्तर देतं. माझ्याकडे मधेच तीनशे, आठशे, आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळीवर ओळी. विंडोजमध्ये वायफायचा एक तयार रिपोर्टही मिळतो, 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून दिली की गेल्या तीन दिवसांत कधी जोडलं, कधी तुटलं, हे सगळं आलेखासकट समोर येतं. मला मात्र पिंगच जास्त उपयोगी पडलं, कारण ते डोळ्यांसमोर चालू असतं आणि त्याच वेळी हात काय करतोय तेही दिसतं.

आणि हात काय करत होता? बाहेरच्या हार्डडिस्कवरून फाईल अपलोडला टाकत होता. डिस्क वाचायला लागली की पिंग पडायचं. डिस्क काढली की सरळ.

हे अंधश्रद्धेसारखं वाटेल, पण कारण चांगलं माहितीतलं आहे. यूएसबी ३.० वर डेटा पळतो तेव्हा डिस्क, तिची वायर आणि कॉम्प्युटरचं पोर्ट यांतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, म्हणजे जुन्या वायफायच्या डोक्यावरच. इंटेलनंच २०१२ साली यावर मोजमापांसकट टिपण काढलं होतं. माझ्याकडे तेव्हा वायफाय पकडायला नखाएवढा यूएसबी डोंगल होता, तो कॅबिनेटच्या मागं, निळ्या पोर्टात, डिस्कच्या वायरीला चिकटून. खासबागेत कुस्ती रंगात आलेली असताना शेजाऱ्याच्या कानात हळू आवाजात हिशोब सांगावा, तशी त्या डोंगलची गत. सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसत होत्या, कारण काड्या आवाज किती मोठा ते सांगतात, गोंगाट किती ते सांगत नाहीत.

दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, लक्ष्मीपुरीत कुठंही मिळते. डोंगल मागून काढून टेबलावर आणला, डिस्क पुढच्या पोर्टात नेली. दिवसा फाईली जायला लागल्या. तुमचा त्रास एवढाच असेल तर इथंच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

माझा थांबला नाही. संध्याकाळी सात वाजले की पुन्हा तेच. आमचं घर जुनं, भाड्याचं. राउटर पुढं सोप्यात, माझी खोली मधल्या भिंतीच्या पलीकडं. ती भिंत दगडमातीची, दोन फुटांच्या खाली नाही. उन्हाळ्यात गारवा उत्तम, वायफायला शत्रू. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा भिंतीत जिरून जातो, डोंगलला तो दिसायचाच नाही. राहिला २.४, आणि त्यावर अख्ख्या गल्लीची गर्दी. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. मोबाईलवरच्या वायफाय मोजणाऱ्या ॲपमध्ये बघितलं तर तिन्हींवर शेजारपाजाऱ्यांची झुंबड. आमचा राउटर ४० मेगाहर्ट्झची रुंदी घेऊन त्यात आणखी पसरलेला. तो २० वर आणला, वाहिनी ११ केली, थोडं बरं झालं. पण सगळ्यांचे टीव्ही एकाच वेळी लागतात त्याला काय करणार. सासूबाईंचाही लागतोच, आणि त्यांच्या मालिकेच्या वेळेत बदल सुचवायचं धाडस माझ्यात नाही.

लॅनची वायर ओढा, असं कोणीही जाणता माणूस सांगेल, आणि ते बरोबरच आहे. कॅट-६ वायर शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते, गल्लीतल्या कुणाच्या वायफायशी तिचं देणंघेणं नसतं. ज्यांना भिंतीला भोक पाडता येतं त्यांनी तीच घ्यावी, फक्त शुद्ध तांब्याची आहे ना ते विचारून. स्वस्तात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची गळ्यात मारतात. आमचे मालक खिळा ठोकला तरी विचारायला येतात. दारातून वायर नेली तर दार लागत नाही. म्हणून कार्ड.

राजारामपुरीत एका दुकानात विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काकू, नवीन राउटरच घ्या, सहा अँटेनावाला. नाद खुळा रेंज हाय." राउटरची रेंज वाढली तरी माझ्या कॅबिनेटमागचा कान तसाच बहिरा राहणार, हे त्याला पटेना. दुसऱ्या दुकानातल्या माणसानं मात्र पहिला प्रश्न विचारला, "कॅबिनेट कुठं ठेवलाय, टेबलाखाली का वर?" तिथंच खरेदी केली.

कारण मुद्दा तोच आहे. साध्या पीसीआय-ई कार्डाचे अँटेना कार्डालाच, म्हणजे कॅबिनेटच्या पाठीमागं असतात. डेस्कटॉप आपण टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवतो. मग पुढून पत्र्याचा डबा, मागून भिंत, आणि त्या सांदरीत दोन अँटेना. असं कार्ड घेऊन काही जण म्हणतात की डोंगलपेक्षा फरक पडला नाही, त्यात नवल नाही. वायरीवरचा अँटेना त्या सांदरीतून बाहेर काढता येतो. माझा लोखंडी कपाटावर चढला. चुंबक तिथं घट्ट बसतो, आणि कपाटाच्या माथ्यावरून समोर सोप्याचं दार दिसतं. दोन फुटी भिंतीतून जे येत नव्हतं ते दारातून येतं. कॉम्प्युटरनं त्या खोलीत पहिल्यांदाच ५ गिगाहर्ट्झ पकडलं.

बसवणं सोपं आहे. कॉम्प्युटर बंद, प्लग काढलेला, आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा बोट लावायचं म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. ग्राफिक्स कार्डाच्या खालची आखूड खाच, त्यात कार्ड दाबायचं, एक स्क्रू, बाहेरून अँटेनाच्या दोन्ही वायरी हातानंच पिळून बसवायच्या, पक्कड नको. दोन्ही हव्यातच, एक लावून चालेल असं समजू नका. विंडोज ११ नं कार्ड लगेच ओळखावं, विंडोज १० मात्र अडून बसू शकतं. तेव्हा इंटेलच्या साईटवरून ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. नाहीतर नेटसाठी ड्रायव्हर आणि ड्रायव्हरसाठी नेट असा घोळ होतो. तसं झालंच तर मोबाईल यूएसबी वायरनं जोडून टेदरिंग करता येतं, म्हणजे मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला देता येतं.

नंतर दोन सेटिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण असते, ती काढायची. डेस्कटॉपला वीज वाचवून कुठं जायचंय? आणि ॲडव्हान्स्डमध्ये प्रेफर्ड बँड ५ गिगाहर्ट्झ. राउटरवर ५ ची वाहिनीही मी ३६ अशी ठरवून दिली. ५२ ते १४४ मधल्या वाहिन्या रडारसोबत वाटून घ्यायच्या असतात, त्यांवर जाण्याआधी राउटरला निदान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. तेवढ्यात माझी फाईल पडते.

आता आमच्या १०० च्या प्लॅनमध्ये टेबलावर ८८ ते ९२ मिळतात, आधी सहापासून चाळीसपर्यंत काहीही मिळायचं. पण माझं समाधान स्पीडवर नाही, पिंगवर आहे. संध्याकाळी साडेसातला, सासूबाईंची मालिका चालू, डिस्कवरून अपलोड चालू, आणि राउटरचं उत्तर तीन मिलिसेकंद.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. ब्लूटूथ फुकट मिळतं असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण त्यासाठी कार्डातून एक वेगळी वायर मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या जोडणीला, लावावी लागते. माझ्या बोर्डावर तो एकच हेडर, आणि तो पुढच्या यूएसबी पोर्टांनी आधीच धरलेला. म्हणजे ब्लूटूथ नाही. अँटेनाची वायर फार बारीक, खुर्चीच्या चाकाखाली आली की संपली. ती आणखी लांबवायला जोडवायर घेऊ नका, बारीक वायरीत सिग्नल गळतो, आणि ५ गिगाहर्ट्झला जास्तच. वायफाय ६ई वगैरे खोक्यावरची अक्षरं माझ्या राउटरवर निरुपयोगी, तो वायफाय ५ चा आहे. आणि घेताना एवढं बघाच: एएक्स२०० किंवा एएक्स२१० कुठल्याही बोर्डावर चालतात, पण एएक्स२०१ आणि एएक्स२११ हे चिप इंटेलच्याच ठराविक बोर्डांसाठी असतात. एएमडीवाल्यांनी स्वस्त दिसलं म्हणून उचलू नये. पाचपैकी चार गुण, एक ब्लूटूथचा कापला.

प्रेसवाल्यांनी हे ऐकलं आणि त्यांच्या ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरसाठी असंच कार्ड मागवायला सांगितलं, कारण तिथंही वायफाय रडतंय. मागवण्याआधी जाऊन कॅबिनेटची पाठ बघितली. मदरबोर्डवरच वायफाय होतं, आणि अँटेना लावायचे दोन सोनेरी आट्यांचे कोंब उघडेच. अँटेना बोर्डच्या खोक्यात, पिशवीसुद्धा फोडलेली नाही, आणि ते खोकं शाईच्या डब्यांखाली. मी तिथंच पिळून बसवले. "वहिनी, अडीच हजार वाचवलासा की," म्हणाले. वाचवले खरे. गणपतीतल्या बिलातले माझे चारशे मात्र अजून यायचेत.