दारू सोडायला ग्रुप शोधताय? आधी हे वाचा (१७ महिन्यांचा अनुभव)

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, पहिल्या मीटिंगवरून काहीही ठरवू नका. मी ठरवलं आणि त्यात माझे आठ महिने गेले.

पहिल्यांदा ज्या ग्रुपला गेलो त्याचं नाव घेत नाही. तिथे तासभर एकच गृहस्थ बोलत होते, मग मला उभं केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, रोज किती प्यायचात, बायकोवर हात उचललात का. मला घाम फुटला. बाहेर पडलो तो सरळ बारमध्ये. त्यानंतर कुणी ग्रुपचं नाव काढलं की मी म्हणायचो, जाऊन आलोय, काही उपयोग नाही.

आठ महिन्यांनी डॉक्टरकडे जायची वेळ आली तेव्हा त्यांनी परत तोच विषय काढला. पण त्याआधी त्यांनी मला सहा दिवस औषधांवर ठेवलं आणि हे मुद्दाम लिहितोय, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने घरी बसून एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो, जिवावरही बेततं. ग्रुप म्हणजे हॉस्पिटल नाही. आधी डॉक्टर, मग मीटिंग किंवा दोन्ही बरोबरच.

यावेळी गेलो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला म्हणजे एएला, जिथे पिणारेच एकमेकांना सोडायला मदत करतात. त्यांच्या साइटवर जवळच्या मीटिंगा सापडतात आणि हेल्पलाइनही असते. मी फोन केला तर पलीकडचा माणूस स्वतःच पूर्वी पिणारा. त्याने आडनाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, एवढंच म्हणाला, "आज घेतली नाहीये ना? मग या." मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड ते मात्र विचारून घ्या, ओपनला घरच्यांना घेऊन जाता येतं, क्लोज्ड फक्त ज्याला दारूचा प्रॉब्लेम आहे त्याच्यासाठी.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. हात थरथरत होते म्हणून मांडीखाली दाबून धरले होते. शेजारच्या काकांनी जगमधून पाणी ओतून माझ्यासमोर ठेवलं, अर्धाच ग्लास. मला वाटलं पाणी संपलं असेल, पण त्यांनी स्वतःचा ग्लास काठोकाठ भरला. तेव्हा कळलं, थरथरत्या हाताने भरलेला ग्लास उचलला की सांडतो हे त्यांना माहीत होतं. एक शब्द बोलले नाहीत. माझ्या घरचे, मित्र, ऑफिसमधले सगळे मला वर्षानुवर्षं समजावत होते पण हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे मला काही समजावून सांगावं लागणार नाही.

पैशाचं लोक फार विचारतात. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी पिशवी फिरते, सदस्य जमेल ते टाकतात, नवीन माणसाने काहीच टाकलं नाही तरी चालतं. बाहेरून देणगी ते घेत नाहीत. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलून सोबर राहिले तिथून हे सुरू झालं आणि आजही गाभा तोच आहे, एक बेवडा दुसऱ्या बेवड्याशी बोलतो.

उपयोग होतो का? २०२० साली कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) २७ अभ्यास एकत्र तपासले, दारूपासून पूर्ण लांब राहण्यात एएशी जोडून देणारे उपचार इतर उपचारांपेक्षा सरस ठरले. माझं म्हणाल तर तिसऱ्या महिन्यात मी घसरलो. तोंड लपवून परत गेलो, कुणी रागावलं नाही, दिवस परत एकपासून मोजायला लागलो. आता १४ महिने झालेत. घसरलो त्या दिवशी स्पॉन्सरला (म्हणजे नवीन माणसाला सांभाळून घेणारा जुना सदस्य) फोन पिऊन झाल्यावर केला होता. फोन पहिल्या पेगच्या आधी करायचा असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

न पटणारं पण आहे. एए ज्या बारा पायऱ्यांनी दारू सोडायला सांगते त्यांच्यात देवाचा उल्लेख वारंवार येतो. "आपल्या समजुतीप्रमाणे" म्हणतात खरं, तरी ज्याला देव नकोच त्याला अवघड जातं. माझ्यासाठी तो ग्रुपच आहे, चालतं. अजिबातच जमत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी बघा, १९९४ पासून आहे, पायऱ्या नाहीत, विचार आणि सवयींवर काम, ऑनलाइन मीटिंगा आहेत. आणि कुणी सदस्य म्हणाला की डिप्रेशनच्या गोळ्या बंद करा तर ऐकू नका, सदस्याने डॉक्टर बनायचं नाही हे एए स्वतःच सांगते.

किमान पाच-सहा वेगवेगळे ग्रुप बघा, खरंच. कुठे वयस्कर जास्त, कुठे तरुण पोरं, कुठे बायकांसाठी वेगळी मीटिंग. मी चौथ्या ग्रुपला टिकलो. ते काका आठवड्यातून दोनदा तिथे येतात म्हणून.

बायको अल-अ‍ॅनॉनला जाते, ते घरच्यांसाठी असतं, पिणारा सोडो न सोडो. माझ्याआधी दोन महिने ती जायला लागली होती आणि मला पत्ताच नव्हता. तिथलं ती मला सांगत नाही, मीही विचारत नाही.