क्राइम मॅप: बघा जरूर, पण ठिपके मोजत बसू नका

घर बघताना एजंटला "एरिया सेफ आहे ना?" विचारलं तर तो काय नाही म्हणणार आहे का. त्यापेक्षा पोलिसांचा क्राइम मॅप (कुठे कुठला गुन्हा नोंदला गेला ते ठिपक्यांनी दाखवणारा ऑनलाइन नकाशा) कधीही बरा, फुकट आहे आणि लॉगिनची भानगड नाही. मी दोन बघितले, इंग्लंड-वेल्सचा पोलिस डॉट यूके (२०११ मध्ये आला तेव्हा पहिल्याच दिवशी इतकी गर्दी झाली की साइटच झोपली) आणि शिकागो पोलिसांचा २००१ पासूनचा ओपन डेटा (म्हणजे कोणालाही बघता येणारी गुन्ह्यांची नोंद). माझ्याकडून साडेतीन स्टार, दीड का कापला ते सांगतो.

यूकेवाला वापरायला एकदम सोपा. पोस्टकोड टाकला की आकडे येतात, झूम करत गेलं की ते फुटत फुटत गल्लीपर्यंत पोचतात, घरफोडी वेगळी, सायकलचोरी वेगळी, आणि पुढे केसचं काय झालं तेही बऱ्याचदा दिसतं. पण ठिपका जिथे दिसतो तिथेच गुन्हा झाला असं समजू नका! प्रायव्हसीसाठी खरी जागा लपवून तो जवळच्या एका ठरलेल्या पॉइंटवर नेऊन ठेवतात, आणि त्या पॉइंटच्या हद्दीत निदान आठ पत्ते तरी हवेत नाहीतर एकही नको असा नियम आहे, त्यामुळे "या बिल्डिंगसमोरच मारामाऱ्या होतात" वगैरे बोलण्यात काही दम नाही. वर तारीख नाही, वेळ नाही, नुसता महिना. रात्री उशिरा स्टेशनवरून चालत यायचं असेल तर नेमकं तेच हवं असतं ना राव.

इथे शिकागो बाजी मारतं. किती वाजता झालं, रस्त्यावर की घरात, घरगुती प्रकरण आहे का, अटक झाली का, सगळे कॉलम आहेत. पत्ता फक्त ब्लॉकपर्यंत (म्हणजे रस्त्याचा तेवढा तुकडा, घर नंबर नाही) आणि शेवटचे सात दिवस गायब, पण चालतंय.

सगळ्यात जास्त फसवतो तो रिकामा नकाशा. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी कॉम्प्युटर सिस्टिम बदलली आणि जुलै २०१९ पासून बराच काळ त्यांचा डेटाच आला नाही, आता कोणी म्हणेल वा काय शांत शहर आहे. उलटा किस्सा लॉस एंजेलिसचा, २००९ मध्ये तिथल्या पोलिसांच्या मॅपवर ज्या गुन्ह्यांचा पत्ता सिस्टिमला सापडेना ते सगळे डाउनटाउनमधल्या एकाच पॉइंटवर जाऊन पडत होते आणि तो कोपरा शहरातला सगळ्यात डेंजर दिसत होता, तोही पोलिसांच्या नव्या मुख्यालयाच्या जवळच 😄 आणि लोक तक्रारच करत नाहीत ते गुन्हे तर कुठल्याच मॅपवर येत नाहीत.

स्टेशन, मार्केट, पबची गल्ली इथे आकडा फुगणारच, दिवसभर हजारो माणसं येतात जातात आणि दर माणशी गुन्हे काढायला भागाकार करायचा तर तिथे राहणारे मोजके. म्हणून मी एकच महिना बघत नाही, वर्षभराचे लावून बघतो, तेही फक्त घरफोडी आणि रस्त्यावरची लूट, आणि तुलना तसल्याच दुसऱ्या एरियाशी. "सेफ्टी स्कोअर ७२" छापाचे आकडे देणाऱ्या ॲप्सना तर मी हातच लावत नाही, तो ७२ कशावरून काढला ते दाखवत असतील तर ठीक, नाहीतर अनइन्स्टॉल.